रीति आणि कार्य : पोहण्याच्या व मैदानी शर्यतींविषयीं

दर चार वर्षांनीं ऑलिंपिक सामने आटोपले, कीं वर्तमानपत्रांतून पदकांचें एक कोष्टक छापून येतें, आणि त्या कोष्टकावरून घरोघर एक वाद सुरू होतो. सर्वांत मोठा खेळाडू कोण? २००८ सालीं बीजिंग येथें अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सनें पोहण्याच्या शर्यतींत आठ सुवर्णपदकें मिळविलीं. त्याच सामन्यांत जमेकाच्या उसेन बोल्टनें धांवण्यांत तीन मिळविलीं, आणि त्यांतलेंहि एक, सांघिक शर्यतींतील एका सोबत्यानें उत्तेजक द्रव्य घेतल्याचें पुढें सिद्ध झाल्यामुळें, २०१७ सालीं परत गेलें. आठ आणि दोन. साऱ्या कारकीर्दीचा हिशोब केला तर फेल्प्सचीं सुवर्णपदकें तेवीस व एकूण पदकें अठ्ठावीस. बोल्टचीं सुवर्णपदकें आठ. अंकगणित येथें संपतें, आणि पुष्कळांचा विचारहि येथेंच संपतो.

महाकाव्याचे सर्ग आणि सुनीताच्या ओळी मोजून दोन कवींची योग्यता ठरविणारा टीकाकार आपणांस हास्यास्पद वाटेल. परंतु जो सुशिक्षित वाचक साहित्यांत असली मोजदाद क्षणभर सहन करणार नाहीं, तोच खेळांच्या बाबतींत ती निःशंकपणें करतो. याचें कारण असें दिसतें, कीं खेळ हा विचार करण्याचा विषय आहे हेंच आपण फारसें मानलेलें नाहीं. वास्तविक पोहण्याच्या शर्यती व मैदानी शर्यती हे दोन भिन्न जातींचे प्रकार आहेत. एक पाण्यांत होतो व दुसरा जमिनीवर होतो हा भेद तर मुलांनाहि कळतो. मला जो भेद अभिप्रेत आहे तो याहून खोल आहे, आणि तो एकदां ध्यानांत आला म्हणजे वर सांगितलेल्या कोष्टकाकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलल्यावांचून राहणार नाहीं.

आपल्या साहित्यशास्त्रांत वामनानें रीतीला काव्याचा आत्मा मानलें. पुढल्या आचार्यांनीं तिला तें स्थान दिलें नाहीं. शरीराच्या अवयवांची जशी ठेवण, तशी काव्यांत रीति, असें म्हणून त्यांनीं तिला एक पायरी खालीं बसविलें. साहित्यांत हा वाद मिटला असेल. पण क्रीडेच्या प्रांतांत वामनाचा पक्ष अद्याप जिवंत आहे, आणि त्याचें घर पाण्यांत आहे. मैदानावर खेळाडूला एक कार्य नेमून दिलेलें असतें: येथून तेथवर सर्वांच्या आधीं पोंच, हा गोळा सर्वांहून दूर टाक, ही आडवी काठी न पाडतां ओलांड. तें कार्य कसें करावयाचें हा ज्याचा त्याचा प्रश्न. पोहणाराला मात्र कार्याबरोबर रीतीहि नेमून दिलेली असते. शंभर मीटर जा, पण उताणा होऊन जा. शंभर मीटर जा, पण छातीवर, दोन्ही हात एकदम व बेडकाप्रमाणें पाय झाडीत जा. तेंच अंतर पुनः जा, पण आतां दोन्ही हात पाण्यावरून एकदम पुढें टाकीत जा; या तिसऱ्या रीतीला बटरफ्लाय म्हणतात. चौथी मुक्त रीति. तिच्यांत वाटेल तसें पोहावें अशी परवानगी आहे, आणि परवानगी मिळतांच सारे जण क्रॉल या एकाच रीतीनें पोहतात, कारण ती सर्वांत वेगाची आहे. म्हणजे उरलेल्या तीन रीति वेगाच्या दृष्टीनें कमी प्रतीच्या आहेत हें सर्वांस ठाऊक असून त्यांना स्वतंत्र पदकें आहेत. धांवण्याच्या मैदानावर याला तोड एकच सांपडते, ती म्हणजे चालण्याची शर्यत. तेथें एक पाय सदैव जमिनीला टेकलेला असावा लागतो, पुढचा पाय जमिनीला लागल्यापासून उभा होईपर्यंत गुडघा सरळ राहावा लागतो, आणि या रीतीचा भंग करणाराला पंच वाटेंतून बाहेर काढतात. चालण्याच्या शर्यतीला प्रेक्षक हंसतात. मग उताण्या पोहण्याला ते कां हंसत नाहींत, हें कोडें मला अद्याप सुटलेलें नाहीं.

नव्या कल्पनेचें या दोन प्रांतांत काय होतें तें पाहिलें, तर हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९६८ सालीं मेक्सिको येथें डिक फॉस्बरी नांवाच्या अमेरिकन तरुणानें काठीकडे पाठ करून उंच उडी मारली. तोंपर्यंतचे उत्तम उडी मारणारे पोट काठीकडे करून ओलांडीत असत. फॉस्बरीची रीति पाहून लोक चकित झाले, पण पंचांना बोलण्यास जागा नव्हती. उडी एका पायावरून घ्यावी एवढाच नियम होता, आणि तो त्यानें पाळला होता. २.२४ मीटर उंचीवर त्याला सुवर्णपदक मिळालें, आणि थोड्याच वर्षांत साऱ्या जगानें त्याचें अनुकरण केलें. आतां पाण्यांत काय झालें तें पाहा. १९५६ सालीं मेलबर्न येथें जपानच्या मासारु फुरुकावानें छातीवरच्या पोहण्याची दोनशें मीटरची शर्यत बहुतांश पाण्याखालून पोहून जिंकली. पृष्ठभागावरील लाटांचा अडथळा खालीं नसतो, हें त्यानें ओळखलें होतें. पदक त्याला मिळालें. पण लवकरच नियम बदलून पाण्याखालून जाण्यास बंदी झाली. १९८८ सालीं सोल येथें अमेरिकेचा डेव्हिड बर्कोफ व जपानचा दाइचि सुझुकी हे उताण्या पोहण्याच्या शर्यतींत उडी घेतल्यावर कितीतरी अंतर पाण्याखालूनच गेले. सुझुकीला सुवर्ण व बर्कोफला रौप्य पदक मिळालें, आणि चालकांनीं ताबडतोब पाण्याखालच्या अंतराला दहा मीटरांची व पुढें पंधरा मीटरांची मर्यादा घातली. एकाच जातीच्या कल्पकतेला मैदानावर अनुयायी मिळाले, आणि तलावांत प्रतिबंध मिळाला.

बटरफ्लायची जन्मकथा तर याहून बोधक आहे. छातीवर पोहतांना हात पाण्यावरून पुढें आणूं नयेत असा नियम लिहून ठेवण्याचें कोणाला सुचलें नव्हतें. १९३० नंतरच्या दशकांत कांहीं चतुर पोहणारांनीं ही फट हेरली व हात पाण्यावरून टाकण्यास आरंभ केला. वेग वाढला, आणि हळूहळू जुनी रीति शर्यतींतून नाहींशी होण्याची वेळ आली. तेव्हां चालकांनीं काय करावें? त्यांनीं नवीन रीति दडपली नाहीं व जुनी मरूंहि दिली नाहीं. दोघींना वेगळ्या चुली मांडून दिल्या, आणि १९५६ च्या सामन्यांपासून बटरफ्लायला निराळें पदक मिळूं लागलें. हेंच न्यायसूत्र मैदानाच्या चालकांनीं लावलें असतें, तर आज 'पाठीवरून उंच उडी,' 'पोटावरून उंच उडी' व 'कात्रीची उंच उडी' अशा तीन स्पर्धा असत्या, आणि एखादा चपळ खेळाडू तिन्ही जिंकून घरीं जाता.

मैदानावर रीतीला मुळींच वाव नाहीं असें मात्र म्हणतां यावयाचें नाहीं. लांब उडींत हवेंत कोलांटी घेण्याचा प्रयोग निघाला, तो १९७४ सालीं निषिद्ध ठरला. स्पेनमधील एका खेळाडूनें १९५६ च्या सुमारास भाला गोल फिरून फेंकण्याची युक्ति काढली, तिचीहि तीच गति झाली. परंतु या दोन्ही ठिकाणीं भीति जिवाची होती: एकीकडे मान मोडण्याची, दुसरीकडे भाला प्रेक्षकांत जाण्याची. रीति शुद्ध राहावी एवढ्याचसाठीं केलेली ही मनाई नव्हती.

असें असेल तर पोहण्याच्या शर्यती हा एक कृत्रिम खटाटोप आहे, असें कोणी म्हणेल. मी तसें म्हणणार नाहीं. धांवणें हें मनुष्याचें निसर्गदत्त कर्म आहे. मूल चालूं लागलें कीं पडत-झडत धांवूं लागतें, त्याला कोणी धडे देत नाहीं. पाण्यांत मनुष्याची स्वतःची अशी चालच नाहीं. पाणी हवेपेक्षां सुमारें आठशें पट दाट. त्यांत तोंड बुडालें कीं श्वासाची पंचाईत. वेग दुप्पट करावयाचा तर पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो. ही अडचण जो जो उलगडूं पाहील त्याला कोणती ना कोणती रीति शोधावीच लागेल. तेव्हां पोहण्यांत रीति ही वरून घातलेला दागिना नाहीं, तें त्या कलेचें शरीरच आहे. प्राचीन ग्रीक लोक अडाणी मनुष्याविषयीं बोलतांना त्याला लिहितां येत नाहीं व पोहतांहि येत नाहीं असें म्हणत. म्हणजे पोहणें ही त्यांच्या मतें अक्षरज्ञानाच्या पंक्तीला बसणारी विद्या होती. गंमत अशी, कीं त्याच ग्रीकांनीं ऑलिंपिया येथें धांवण्याच्या शर्यती शतकानुशतकें भरविल्या, पण पोहण्याची शर्यत कधीं ठेविली नाहीं. ती आली १८९६ सालीं, अथेन्सच्या अर्वाचीन सामन्यांत, आणि तीहि तलावांत नव्हे तर उघड्या समुद्रांत.

पोहणें ही विद्या आहे याचा पुरावा उच्चांकांच्या इतिहासांत आहे. १९२१ सालीं चार्ली पॅडॉक शंभर मीटर १०.४ सेकंदांत धांवला. २००९ सालीं बर्लिन येथें बोल्टनें तेंच अंतर ९.५८ सेकंदांत तोडलें. अठ्ठ्याऐंशीं वर्षांत सुधारणा सुमारें आठ टक्के. आतां पोहणें घ्या. पुढें चित्रपटांतून टारझन म्हणून गाजलेल्या जॉनी वाइसमुलरनें १९२२ सालीं शंभर मीटर ५८.६ सेकंदांत पोहून मिनिटाची मर्यादा प्रथम ओलांडली. २०२४ सालीं पॅरिस येथें चीनचा पान झान्ले ४६.४० सेकंदांत पोहला. येथें सुधारणा वीस टक्क्यांहून अधिक. या शंभर वर्षांत मनुष्याचे खांदे कांहीं पंचवीस टक्के बळकट झालेले नाहींत. बदललें तें ज्ञान, आणि ज्ञानाबरोबर तलाव: लाटा गिळणाऱ्या दोऱ्या, कांठावरून पाणी वाहून जाण्याची सोय, भिंतीशीं कोलांटी घेऊन परतण्याची युक्ति, डोळ्यांवरचे चष्मे. धांवणारा अद्यापि मुख्यतः आपल्या देहाशीं झगडतो; पोहणारा पाण्याविषयींच्या ज्ञानाशीं झगडतो.

आतां पदकांकडे वळूं. अंतराची नांवें सारखीं असलीं म्हणून शर्यती सारख्या नसतात, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. पोहण्यांतील शंभर मीटरला सेहेचाळीस-सत्तेचाळीस सेकंद लागतात. धांवण्यांत एवढ्या वेळांत चारशें मीटर होतात, कारण वेड व्हान नीकर्कनें २०१६ सालीं तें अंतर ४३.०३ सेकंदांत तोडलें. पोहण्यांतील दोनशें मीटर म्हणजे १ मिनिट ४२ सेकंद, आणि धांवण्यांतील आठशें मीटर म्हणजे डेव्हिड रुडिशाचे २०१२ चे १ मिनिट ४०.९१ सेकंद. पोहण्यांतील चारशें मीटर हे धांवण्यांतील पंधराशेंच्या आसपास येतात. ज्याला धांवण्यांत शंभर मीटरची शर्यत म्हणतात, ती दहा सेकंदांची विजेसारखी झडप, तिला पाण्यांत जोडीदारच नाहीं. १९८८ पासून जी पन्नास मीटरची शर्यत ऑलिंपिकांत आली, तीसुद्धां एकवीस सेकंदांच्या आसपास चालते. याचा अर्थ असा, कीं पोहण्याच्या पुष्कळशा स्पर्धा अर्ध्या मिनिटापासून चार-पांच मिनिटांपर्यंतच्या एकाच पट्ट्यांत दाटीनें बसलेल्या आहेत, आणि त्याच पट्ट्यांत चार रीतींनीं पुनः गुणाकार झालेला आहे. बीजिंग येथील फेल्प्सचीं आठ पदकें पाहा: मुक्त रीतीचे दोनशें मीटर, बटरफ्लायचे शंभर व दोनशें, चारी रीतींच्या मिश्रणाचे दोनशें व चारशें, आणि तीन सांघिक शर्यती. यांत असामान्य शक्ति आहे, नऊ दिवसांत सतरा वेळां पाण्यांत उतरण्याची जिद्द आहे. पण यांतलें प्रत्येक पदक म्हणजे नवें कार्य नव्हे.

मैदानावर याच्या अगदीं उलट एक प्रकार आहे. डेकॅथलॉन या स्पर्धेंत खेळाडूनें दोन दिवसांत धांवावें, लांब उडी घ्यावी, गोळा टाकावा, उंच उडी मारावी, अडथळे ओलांडावे, थाळी फेंकावी, बांबूवरून उडी घ्यावी, भाला फेंकावा, आणि शेवटीं पंधराशें मीटर धांवावें: अशीं दहा कार्यें, आणि पदक एकच. ब्रिटनच्या डेली थॉम्सननें १९८० व १९८४ या दोन्ही सालीं ही स्पर्धा जिंकली. कोष्टकांत त्याच्या नांवापुढें दोन आंकडा दिसतो. तेव्हां कोष्टक हें पराक्रमाचें माप नसून स्पर्धा कशा वाटून ठेवल्या आहेत याचें माप आहे. आणि ही वांटणी वाढतच आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस सामन्यांत पन्नास मीटरच्या शर्यती उरलेल्या तिन्ही रीतींत, पुरुषांसाठीं व स्त्रियांसाठीं, घालण्यांत येतील असें २०२५ सालीं जाहीर झालें. म्हणजे सहा पदकें एका फटकाऱ्यानें वाढलीं.

याला एक रास्त उत्तर आहे, तें सांगितलेंच पाहिजे. पाण्यांत शरीराचें ओझें पाणी वाहतें. प्रत्येक पावलागणिक जमिनीचा जो दणका धांवणाराच्या गुडघ्यांना व स्नायूंना बसतो, तो पोहणाराला बसत नाहीं. म्हणून तो त्याच दिवशीं पुनः उतरूं शकतो. २०२४ सालीं पॅरिस येथें फ्रान्सच्या लेऑं मार्शांनें एकाच संध्याकाळीं बटरफ्लायचे दोनशें मीटर व छातीवरचे दोनशें मीटर, अशा दोन शर्यती सुमारें दोन तासांच्या अंतरानें जिंकल्या. या दोन रीतींत हातपायांची हालचाल इतकी भिन्न आहे, कीं एकींत प्रवीण असणारा दुसरींत बहुधा सामान्य असतो. माझ्या मतें त्या संध्याकाळीं रीतिवादाचें सर्वोत्तम समर्थन झालें. एकाच कवीनें एका रात्रींत दोन निराळ्या वृत्तांत सारख्याच सफाईनें लिहावें तसा तो प्रकार होता. पण असले प्रसंग विरळा, आणि कोष्टकाला ते इतरांपासून वेगळे काढतां येत नाहींत.

रीति हेंच जेथें शरीर, तेथें साधनांची भेसळ अधिक घातक ठरते. २००८ सालीं पोहण्याचे नवे पोशाख निघाले. ते अंगाला करकचून आवळीत व पाण्यावर तरंगण्यास मदत करीत. २००९ सालीं रोम येथील जागतिक सामन्यांत त्रेचाळीस जागतिक उच्चांक मोडले. तेथेंच जर्मनीच्या पॉल बीडरमननें मुक्त रीतीच्या दोनशें मीटरमध्यें फेल्प्सला हरविलें, आणि १ मिनिट ४२.०० सेकंदांचा जो उच्चांक केला, तो पंधरा वर्षांनंतरहि उभा होता. १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले, परंतु उच्चांक राहिले. मापपट्टीच बदलली असतां जुन्या मापाचे आंकडे तसेच ठेवावे, हा व्यवहार मला तरी समजत नाहीं. मैदानावर हें घडलेंच नाहीं असें नाहीं. जाड तळव्यांचे व आंत ताठ पट्टी घातलेले बूट निघाल्यावर २०२० सालीं तळव्याच्या जाडीला चाळीस मिलिमीटरांची मर्यादा घालावी लागली. तथापि बूट कितीहि जाड केला तरी तो धांवण्याची रीति पालटीत नाहीं. पोशाखानें पोहणाराचें शरीर पाण्यांत वर उचललें. म्हणजे ज्या प्रश्नाचें उत्तर देणें हीच त्याची विद्या, त्या प्रश्नाचें अर्धें उत्तर कापडानें दिलें.

प्रेक्षकाला या दोहोंतून कोणता रस मिळतो, हाहि टीकेचाच विषय आहे. येथें मी उघडपणें मैदानाच्या बाजूचा आहे. पोहणाराचें तोंड पाण्यांत असतें. आपणांस दिसतात ते हात, टोपी व फेंस. त्याला स्वतःला प्रतिस्पर्धी धड दिसत नाहीं. प्रत्येकाला आपापली रांग, दोरीनें आंखलेली. कोणी कोणाची वाट अडवूं शकत नाहीं, कोणी कोणाच्या मागें दबा धरून बसूं शकत नाहीं. म्हणून तलावांतील शर्यत बहुधा घड्याळाशीं चाललेली असते. मैदानावर, विशेषतः आठशें व पंधराशें मीटरच्या शर्यतींत, माणूस माणसाशीं लढतो. २०१६ सालीं रिओ येथें पंधराशें मीटरची अंतिम शर्यत मॅथ्यू सेन्ट्रोविट्झनें ३ मिनिटें ५०.०० सेकंदांत जिंकली. ३ मिनिटें २६ सेकंदांचा उच्चांक असतां असा वेळ म्हणजे जवळजवळ रेंगाळणेंच. पण तें रेंगाळणें बुद्धिबळांतल्यासारखें होतें. जो तो दुसऱ्याच्या चालीची वाट पाहत होता, आणि शेवटच्या फेरींत साऱ्यांची शक्ति एकदम उसळली. असें नाट्य तलावांत क्वचितच संभवतें. अपवाद आहे तो उघड्या पाण्यांतील दहा किलोमीटरांचा, जो २००८ पासून ऑलिंपिकांत आला. तेथें दोऱ्या नाहींत, रांगा नाहींत, खांद्याला खांदा लागतो, पायांवर हात पडतात. ती पहिली शर्यत जिंकणारा हॉलंडचा मार्टेन व्हान डर वाइडन हा कांहीं वर्षांपूर्वीं रक्ताच्या कर्करोगांतून उठलेला मनुष्य होता.

निकालाच्या बारकाव्यांत मात्र तलाव अधिक प्रामाणिक आहे, हें मान्य केलें पाहिजे. १९७२ सालीं म्युनिक येथें मिश्र रीतीच्या चारशें मीटरमध्यें स्वीडनच्या गुनार लार्सनला अमेरिकेच्या टिम मकीपेक्षां सेकंदाच्या दोन सहस्रांशांनीं पुढें ठरविण्यांत आलें. नंतर चालकांच्या ध्यानांत आलें, कीं तलावाच्या एका रांगेची लांबी दुसरीपेक्षां किंचित् कमीजास्त असणें बांधकामांत अटळ आहे, आणि तो फरक या दोन सहस्रांशांहून मोठा असूं शकतो. तेव्हांपासून पोहण्यांत शतांशापुढें मोजीत नाहींत. तेथें बरोबरी झाली तर दोघांनाहि तेंच पदक. २०१६ च्या रिओ सामन्यांत शंभर मीटर बटरफ्लायचें रौप्यपदक फेल्प्स, दक्षिण आफ्रिकेचा चाड ल क्लो व हंगेरीचा लास्लो चेह अशा तिघांना मिळालें. तिघांचाहि वेळ ५१.१४. मैदानावर २०२४ सालीं शंभर मीटर धांवण्यांत नोआ लाइल्सला ९.७८४ व किशेन थॉम्सनला ९.७८९ असे वेळ लावून पहिला-दुसरा ठरविला. आपल्या साधनाची मर्यादा ओळखून तेथें थांबणें हा गुण टीकाकारालाहि शिकण्यासारखा आहे.

येथवर खेळांच्या स्वरूपाचा विचार झाला. परंतु या तुलनेंत एक गोष्ट अशी आहे, कीं ती स्वरूपाच्या विचारानें मिटत नाहीं. धांवण्याला जमीन लागते, आणि जमीन बहुधा सर्वांच्या पायांखालीं असते. पोहण्याला, म्हणजे शर्यतीच्या पोहण्याला, पन्नास मीटरचा तलाव लागतो. त्याचें पाणी स्वच्छ ठेवावें लागतें, शिकविणारा लागतो, आणि मुलाला दहा वर्षें पहाटे उठवून तेथें नेणारें माणूस लागतें. २०२४ सालीं स्त्रियांच्या शंभर मीटर धांवण्यांत सेंट लुशिया या चिमुकल्या बेटाची ज्युलिएन अल्फ्रेड पहिली आली. तिहेरी उडींत डॉमिनिका बेटाची थिया लाफाँ पहिली आली. दोन्ही देशांचीं तीं पहिलीं ऑलिंपिक पदकें. पोहण्याच्या कोष्टकांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया व आणखी थोडीं संपन्न राष्ट्रें यांचीच नांवें फिरून फिरून येतात.

शिवाय पाण्याची गोष्ट निव्वळ पैशाची कधींच नव्हती. अमेरिकेंत विसाव्या शतकांतील कित्येक दशकें सार्वजनिक तलावांतून काळ्या लोकांना मज्जाव होता, आणि कायद्यानें तो उठला तेव्हां कांहीं नगरांनीं तलाव बुजवून टाकणें पत्करलें, पण एकत्र पोहणें पत्करलें नाहीं. पाणी व स्पर्श यांचा हा संबंध मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाहीं. १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्यावर काय झालें तें आपणांस ठाऊक आहे. शर्यतींच्या मैदानावर विषमता नव्हती असें नाहीं. पण मैदान बुजवितां येत नाहीं.

आपल्याकडची स्थितिहि यांत पाहण्यासारखी आहे. खेड्यांतील मुलें पाठीला भोपळा बांधून विहिरींत पोहण्यास शिकत आलीं आहेत. ती विद्या आपणांस नवी नाहीं. आपण पोहण्याचें कौतुक केलें तें साहस म्हणून: १९५८ सालीं मिहिर सेन व १९५९ सालीं आरती साहा यांनीं इंग्लिश खाडी पार केली, तेव्हां घरोघर त्यांचीं नांवें झालीं. परंतु विहीर आणि खाडी यांच्यामध्यें जो पन्नास मीटरचा तलाव आहे, तो आपल्या वाट्याला फारसा आला नाहीं. १९५१ सालीं दिल्ली येथील पहिल्या आशियाई सामन्यांत सचिन नाग यांनीं मुक्त रीतीचे शंभर मीटर जिंकून सुवर्णपदक मिळविलें. १९८६ सालीं खजान सिंग यांना बटरफ्लायच्या दोनशें मीटरमध्यें रौप्य, आणि २०१० सालीं कोल्हापूरच्या वीरधवल खाडे याला पन्नास मीटर बटरफ्लायमध्यें कांस्य. मधलीं अंतरें पाहा. उलट मैदानावर एकट्या महाराष्ट्रांतून, तेंहि तलाव तर सोडाच पण धांवपट्टीहि नसलेल्या गांवांतून, नाशिक जिल्ह्यांतील कविता राऊत, साताऱ्याकडील ललिता बाबर व बीड जिल्ह्यांतील अविनाश साबळे अशीं माणसें एकामागून एक निघालीं. साबळे यानें २०२३ सालीं हांगझो येथील आशियाई सामन्यांत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्यें सुवर्णपदक मिळविलें. या शर्यतींत अडथळ्यांपलीकडे पाण्याचा खड्डा असतो. आपल्या मैदानी खेळाडूच्या वाट्याला पाणी येतें तें बहुधा एवढेंच. आमच्या मध्यम वर्गांत हल्लीं उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांना तलावावर घालण्याची चाल पडली आहे, आणि ती चांगली आहे. मात्र सुट्टी संपली कीं वर्गणी संपते, आणि मूल शिकवणीच्या वर्गांत जाऊन बसतें. दोन महिन्यांत बुडण्याची भीति जाते. रीति अंगीं मुरण्यास दहा वर्षें लागतात.

म्हणून पोहण्याच्या इतिहासांत माझ्या मनाला जी शर्यत सर्वांत अधिक लागून राहिली आहे, ती फेल्प्सची नव्हे. १९८८ सालीं सोल येथें शंभर मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतींत अमेरिकेचा मॅट बिऑंडी शेवटच्या कांहीं मीटरांपर्यंत पुढें होता. भिंत जवळ आली तेव्हां त्याच्यापुढें प्रश्न पडला: आणखी एक हात मारावा, कीं आहे त्या वेगानें सरकत जाऊन भिंतीला बोटें लावावीं? त्यानें सरकणें पसंत केलें. त्याच्या बाजूला सुरिनामचा अँथनी नेस्टी होता. त्यानें पुरता हात मारून भिंत गांठली. नेस्टी ५३.००, बिऑंडी ५३.०१. पोहण्याचें वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारा तो पहिला काळा पुरुष. त्याच्या देशांत त्या वेळीं पन्नास मीटरचा तलाव एकच होता. सोलच्या कोष्टकांत बिऑंडीच्या नांवापुढें सात पदकें आहेत, आणि नेस्टीच्या नांवापुढें एक.